एंजलचं काय करू?

प्रिय बंड्या,

पाच महिने उत्तर दिलं नाही, मान्य. तुझं पत्र फिल्टरच्या डब्याखाली ठेवलं होतं, ते भिजून निम्मं पुसलं गेलं. उरलेलं निम्मं तीनदा वाचलंय, तेव्हा ओरडू नकोस. माझी तब्येत ठीक आहे, बीपीची गोळी चालू आहे.

आता मुख्य भानगड. माशांच्या टाकीत बारा चेरी श्रिंप सोडले होते. (ही त्यांना ‘कोळंब्या’ म्हणते, मुद्दाम.) काल रात्री टॉर्च घेऊन मोजले, तर पाचच. पहिल्या आठवड्यात मॉसच्या झुडपापाशी एक पारदर्शक, पोकळ श्रिंप पडलेला दिसला होता, तेव्हा मी तुला रडवेला फोन केला आणि तू खो-खो हसून म्हणालास, “अरे, कात आहे ती!” त्यावरून आपण आठवडाभर बोललो नव्हतो. आता शहाणा झालोय. कात उचलत नाही, तेच ती खाऊन टाकतात. पण कात टाकल्यावर अंग मऊ असतं. तेवढ्यात आडोसा मिळाला नाही, तर खेळ खलास.

पाण्यावर संशय नको. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. माशांना पांढरे ठिपके आले तेव्हा आणलेलं, तांबं असलेलं औषध मी केव्हाच फेकून दिलंय. श्रिंपना तांबं म्हणजे विषच.

संशय आहे तो तुझ्या एंजल माशावर. संशय कसला, डोळ्यांनी पाहिलं. तो पाठलाग वगैरे करतच नाही. मॉसवर तिरका होऊन तरंगत राहतो, एक डोळा खाली फिरवतो, मग एक झटका. तोंडाच्या कोपऱ्यातून केसाएवढा एक पाय बाहेर राहिला होता, तोही आत ओढला. आणि लगेच काचेपाशी येऊन माझ्याकडे बघायला लागला, नेहमीसारखं खाणं मागत. राग यावा की काय करावं, सांग.

छोटे निऑन मासेही काही संत नाहीत, बरं का. मोठा श्रिंप त्यांच्या तोंडात मावत नाही एवढंच. दोन मिलिमीटरचं पिल्लू मात्र सहज मावतं. सगळ्या टाकीत सज्जन कोण, तर काचेला चिकटून शेवाळ खाणारे ऑटो मासे.

आता घाई का, तर उरलेल्यांत एक मादी अंड्यांवर आहे. पोटाखाली पिवळसर दाण्यांचा घोस, वीस-पंचवीस तरी असतील, आणि पोटाखालचे पाय सारखे हलवून त्यांना वारा घालत बसते. पिल्लं साधारण महिन्याभरात बाहेर पडतात. मला दिसल्यापासून आज नववा दिवस. तिला वेगळ्या टाकीत हलवावं, तर घाबरून अंडी टाकून देण्याची भीती. मॉस दुप्पट केलंय, फिल्टरच्या तोंडाला स्पंज लावलाय. पण मॉसवर तो तिरका उभा असतोच.

ही म्हणते, एंजल कुणाला तरी देऊन टाका. कुणाला? नखाएवढा होता, तेव्हा पिशवीत घालून तू दिलास. म्हणालास, “जरा स्थिरस्थावर झालो की घेऊन जातो.” सहा वर्षं झाली, बंड्या. आता तळहाताएवढा आहे. ताई आली की विचारते, “हा बंड्याचा ना?” आणि मी हो म्हणतो.

नव्या नोकरीचं अभिनंदन. अण्णांचा गुडघा कसा आहे? चिनूला पोहायला घातलं की नाही? ते सगळं पुढच्या पत्रात सविस्तर.

श्रिंप पुन्हा आणता येतील, हे मलाही कळतं. तरी पिल्लं यायच्या आत एवढंच कळव: त्याला न्यायला तू येणार आहेस का? येणार नसशील, तर तेही सरळ लिही. मग मी दुसरी टाकी आणतो. त्याच्यासाठी.

तुझा,
नान्या