जोडी लावण्याआधी पिल्लांचे बघा

माननीय संपादक,
स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीत शोभेच्या माशांची घरी पैदास करण्याविषयीचा लेख वाचला. टाकी, फिल्टर, पाण्याचे तापमान यांची माहिती नेमकी होती. पण नर-मादी एकत्र सोडली की पुढचे सगळे निसर्ग बघून घेतो, असा जो सूर त्यात होता तो मला फार लागला. म्हणून हे पत्र.

अकरा वर्षांपूर्वी मीही हेच समजून फायटर माशांची पहिली जोडी लावली होती. नराने तरंगत्या पानाखाली बुडबुड्यांचे घरटे बांधले. तो मादीला अंगाचा विळखा घालायचा, क्षणभर दोघेही निश्चल व्हायची, आणि विळखा सुटला की खसखशीसारखी पांढरी अंडी खाली झरायची. ती एकेक तोंडाने वेचून नर वर बुडबुड्यांत नेऊन ठेवायचा. दोन दिवसांत पिल्ले बाहेर आली. घरट्याला लोंबकळणारी, शेपूट खाली, पापणीच्या केसाएवढी. एखादे निसटले की बाप खाली झेपावून त्याला पुन्हा वर आणून लावायचा. त्या दोन रात्री मी टाकीसमोरून हलले नाही.

पिल्ले आडवी पोहू लागली तेव्हा मी मोठ्या माशांचे खाणे बोटांनी चुरून पाण्यावर भुरभुरले. फायटरची पिल्ले न हलणाऱ्या कणाकडे सहसा ढुंकूनही बघत नाहीत, हे मला कोणी सांगितलेच नव्हते. त्यांना वळवळणारा, जिवंत घास लागतो. पोटातल्या बलकाची शिदोरी संपली आणि माझी पूड तळाशी कुजत राहिली. पाणी नासले. भिंगातून पाहिले तर पोटे पाठीला चिकटलेली. आठव्या दिवशी सुमारे २०० पिल्लांतले एकही उरले नाही. यात निसर्गाचे काही चुकले नव्हते. चूक माझी होती.

तेव्हापासून मी कामाला दुसऱ्या टोकाकडून लागते. जोडी लावण्याच्या आठवडाभर आधी टाकीतलेच जुने पाणी बरणीत घेऊन त्यात कोबीच्या पानाचा तुकडा टाकते आणि बरणी उजेडात ठेवते. पाणी आधी गढूळ होते, मग हळूहळू निवळू लागते. उजेडासमोर धरल्यावर धुळीसारखे कण आपापल्या वाटेने फिरताना दिसले की समजायचे, इन्फुसोरिया, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव, तयार. पहिले तीन-चार दिवस हाच घास. मग ब्राइन श्रिंप, म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा इवला जीव. त्याची अंडी मिठाच्या पाण्यात घालून खालून हवा सोडली की साधारण २४ ते ३६ तासांत फुटतात. ही नुकती फुटलेली श्रिंप खाल्ली की पिल्लाचे पोट नारिंगी दिसते. काचेसारख्या अंगात तो मोहरीएवढा नारिंगी ठिपका पहिल्यांदा दिसला तेव्हा मला रडू आले होते.

खाणे झाले, आता जागेचे. दोन-तीन महिन्यांत नर एकमेकांचे पर फाडू लागतात. एका विणीतले निम्मे नर धरले तरी शंभर बरण्या, आणि प्रत्येकीचे पाणी वरचेवर बदलणे आले. गप्पीची मादी तर एकदा नराजवळ राहिली की नंतर नर नसतानाही कित्येक महिने पिल्ले देत राहते. लेखात याचा हिशेब कुठेच नाही. आणि सांभाळायला जड झालेले मासे शेवटी कुठे जातात, हे या छंदातले सगळे जाणतात. ओढ्यात, तळ्यात, विहिरीत. सोडणाऱ्याला वाटते, जीव वाचवला. पण गप्पी आणि काच साफ करणारा सकरमाऊथ हे मासे बाहेरच्या पाण्यात तगतात, वाढतात आणि मूळच्या माशांच्या जागेवर, खाण्यावर हक्क सांगतात. सकरमाऊथ तर काठात बिळे करून काठच ढासळवतो.

हाच छंद जबाबदारीने केला तर काय होते, त्याचेही उदाहरण आहे. मेक्सिकोतल्या तेउचित्लान नदीतून टकीला स्प्लिटफिन नावाचा चिमुकला मासा नाहीसा झाला होता. युरोपातल्या हौशी पाळणाऱ्यांनी तो आपल्या टाक्यांत जपला. १९९८ मध्ये इंग्लंडमधल्या चेस्टर प्राणिसंग्रहालयातून त्याच्या ५ जोड्या मेक्सिकोतल्याच मिचोआकान राज्याच्या विद्यापीठात पोचल्या. तिथे अनेक वर्षे त्यांची संख्या वाढवली, तळ्यांत त्यांची पारख केली आणि मगच त्यांना नदीत सोडले. बादली उचलून ओढ्यात रिकामी करणे आणि हे, यांत किती अंतर आहे पाहा.

माझी विनंती एवढीच, की पुढच्या भागात जोडी निवडण्याआधी पिल्लांचे खाणे, जागा आणि ती कोणाला द्यायची, याची माहिती द्यावी. उरलेले मासे उघड्या पाण्यात सोडू नयेत, हे ठळक अक्षरांत छापावे.

सध्या माझ्या टाकीत एक नवी जोडी काचेच्या दोन बाजूंना आहे. नराने घरटे केले आहे, मादीचे पोट भरले आहे. बरणीतले पाणी मात्र अजून गढूळ आहे, म्हणून मधली काच मी काढलेली नाही.

आपली,
एक वाचक