करिअर म्हणजे फक्त पगार नाही

मा. संपादक, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत फुटबॉलमधल्या करिअरवर अख्खं पान आलं, वाचून आनंद झाला, पण त्यात करिअर म्हणजे आयएसएलचं (इंडियन सुपर लीगचं) कॉन्ट्रॅक्ट एवढंच दिसलं, म्हणून लिहायला बसलो.

माझा मुलगा सोळा वर्षांचा, गोलकीपर आहे. इथल्याच एका अकॅडमीत त्याला तोंडावर सांगितलं की उंची कमी पडते, पुढे काही होणार नाही. त्या दिवसापासून ग्लोव्ह्ज बाल्कनीत दोरीवर लटकलेत, उन्हाने तळव्याचा फोम कडक झालाय, पण काढू पण देत नाही कुणाला.

त्याला मी हेन्री फ्रॉमबद्दल सांगितलं. डेन्मार्कच्या ऑर्हूस शहरातल्या एजीएफ क्लबचा कीपर. 1960 च्या सुमारास तिकडे फुटबॉल सगळं हौशी, क्लबने पगार द्यायला परवानगी मिळाली ती थेट 1978 मध्ये, आणि त्या काळात परदेशी जाऊन पैसे घेऊन खेळलात की देशाच्या टीमचं दार बंद. हॅराल्ड नील्सनसारखा स्ट्रायकर 1961 ला इटलीत बोलोन्याकडे गेला तर त्याचं तसंच झालं. फ्रॉम हौशी म्हणूनच खेळला, एजीएफला चॅम्पियन करणाऱ्या टीममध्ये होता, आणि तिशी ओलांडल्यावर 1960 च्या रोम ऑलिंपिकला गेला. सेमीफायनल हंगेरीशी, म्हणजे ज्यांनी ग्रुपमध्ये पी. के. बॅनर्जींच्या आपल्या टीमला 2-1 ने हरवलं होतं तेच. हंगेरीला पेनल्टी मिळाली. फ्रॉम शांतपणे पोस्टपाशी गेला, तोंडातलं च्युइंगगम काढून पोस्टला चिकटवलं, परत लाइनवर आला आणि पेनल्टी अडवली! डेन्मार्क 2-0 ने जिंकलं. फायनल युगोस्लाव्हियाकडून 3-1 ने हरले पण सिल्व्हर मेडल आलं, आणि हे सगळं एका हौशी कीपरने केलं, याला करिअर नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

पुण्यात पण असे लोक आहेत हो. एसएसपीएमएसच्या नाहीतर ढोबरवाडीच्या मैदानावर मॅच असली की शिफ्ट बदलून येतात, गुडघ्याला क्रेप बँडेज गुंडाळून गोलमध्ये उभे राहतात. पोरांना हे दिसायला पाहिजे, नाहीतर सोळाव्या वर्षी एकाने नाही म्हटलं की खेळच सुटतो.

एवढीच विनंती, लोकल लीगचे निकाल दर सोमवारी छापा, चार ओळी चालतील, आणि गोल मारणाऱ्याचं नाव येतंच, त्याच्याबरोबर दोन्ही कीपरची नावं पण टाका.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे