नाव कागदावर आहे, पण सापडत नाही

मा. संपादक,

स. न. वि. वि.

हस्ताक्षर वाचणाऱ्या संगणकाबद्दलचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लेख चांगला आहे. पण शेवटी जाता जाता लेखकाने म्हटले आहे की, जुन्या नोंदी वाचून टंकणाऱ्या स्वयंसेवकांची गरज आता संपत आली. मी गेली काही वर्षे रोज रात्री जेवणानंतर तासभर नेमके हेच काम करतो, म्हणून हे पत्र. माझा पुतण्याही तेच म्हणतो : "काका, मशीन वाचतंय की आता. तुम्ही कशाला डोळे फोडून घेता?" त्याला तोंडी उत्तरे देऊन दमलो आहे. छापील उत्तर हाती असलेले बरे.

काम तसे साधे. अमेरिकेच्या जनगणनेतली व्यक्तिगत माहिती 72 वर्षे बंद असते. त्यामुळे 1940 च्या जनगणनेची पाने 2012 मध्ये खुली झाली आणि 1950 ची 1 एप्रिल 2022 रोजी. पण इंटरनेटवर येतो तो पानाचा फोटो, आणि फोटोत नाव शोधता येत नाही. ते कुणीतरी वाचून टंकले, तरच नाव टाकल्यावर पान समोर येते. 1940 च्या तक्त्यांत 13 कोटींहून जास्त माणसे होती. घराण्यांच्या जुन्या नोंदी जपणारी फॅमिलीसर्च ही संस्था आणि तिच्या सोबतच्या संस्थांनी हाक दिली आणि दीड लाखाहून अधिक स्वयंसेवकांनी काही महिन्यांत ती सगळी नावे टंकून काढली. हे सांगितल्यावर पुतण्याचा पहिला प्रश्न : "फुकट?" हो, फुकट.

1940 चे एक पान म्हणजे एका बाजूला 40 ओळी, एका ओळीत एक माणूस. वय, जन्म कुठला, 1935 मध्ये राहायला कुठे होता, मागच्या वर्षी पगार किती मिळाला. पगाराचा आकडा 5000 डॉलरच्या वर गेला की प्रगणकाने नुसते '5000 अधिक' लिहायचे, श्रीमंतांची झाकली मूठ. मला मात्र त्या पानांवरची एक बारीक खूण फार आवडते. घरातल्या ज्या माणसाने माहिती सांगितली, त्याच्या नावापुढे वर्तुळात फुली मारलेली असते. माझ्या वाट्याला आलेल्या पानांवर ती बहुतेकदा घरच्या बाईच्या नावापुढे दिसली. दारात उभी राहून ती एकेकाचे वय सांगते आहे आणि प्रगणक उभ्या उभ्या खरडतो आहे, हे त्या फुलीमुळे डोळ्यांपुढे येते.

आणि खरडणे म्हणजे खरडणेच. काहींचे अक्षर मोत्याच्या दाण्यासारखे, काहींचे निव्वळ कोंबडीचे पाय. मोठा 'एस' आणि मोठा 'एल' तर जुळी भावंडे. 'सारा' हमखास 'लारा' होते. एकोणिसाव्या शतकातल्या पानांवर दोन 'एस' लागोपाठ आले की पहिला लांब काढीत, तो 'एफ'सारखा दिसतो. मग 'जेसी'चा 'जेफ्सी' होतो आणि मिसिसिपी राज्याची तर पार रया जाते. 'जे-एन-ओ' ही तीन अक्षरे म्हणजे जॉन, हे मला कळायला महिना लागला. इंग्लंडच्या जुन्या तक्त्यांत आणखी एक गंमत. तिथल्या कारकुनांनी बेरजा करताना वयाच्या आकड्यांवरच उभ्या-आडव्या रेघा मारल्या आहेत. त्यामुळे खाली 1 आहे की 7, हे भिंग घेऊन बघावे लागते.

या कामाचा नियम एकच : जसे दिसते तसे टंका. स्पेलिंग चुकलेले आहे हे कळत असले तरी सुधारायचे नाही, अर्धे वाचता आले तर उरलेले मनाने भरायचे नाही. माझी सगळी नोकरी साहेबांचे मसुदे सुधारण्यात गेली. त्यामुळे हा नियम पाळताना सुरुवातीला हात शिवशिवायचे. पण प्रगणकाने चूक लिहिले असेल तर ती त्याची चूक, ती तशीच राहिली पाहिजे. मी त्यात माझी भर घातली, तर पुढच्याला दोघांच्या चुका सोडवत बसावे लागेल.

नावे शोधण्याची ही खटपट संगणकाच्या आधीपासूनची आहे. अमेरिकेत 1935 मध्ये वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा झाला, तेव्हा असंख्य म्हाताऱ्यांकडे जन्माचा दाखलाच नव्हता. वय सिद्ध करायला जुनी जनगणना हाच आधार. मग मंदीत बेकार झालेल्या लोकांना सरकारी रोजगार योजनेतून कामाला लावून जुन्या जनगणनेची कार्डे करून घेतली. 1880 च्या जनगणनेतून तर ज्या घरात दहा वर्षांचे किंवा त्याहून लहान मूल होते, तेवढीच घरे घेतली, कारण तीच मुले आता पासष्टीला टेकत होती. नाव स्पेलिंगवर न लावता उच्चारावर लावले : पहिले अक्षर आणि तीन आकडे. 'स्मिथ' कसेही लिहा, 'आय' घाला की 'वाय', ते एस-530 मध्येच सापडणार. लोक आपले नाव चार तऱ्हांनी लिहितात, हे ज्याने ओळखले त्याला माझा नमस्कार.

आता मशीनबद्दल. ते वाचते, आणि वेगाने वाचते, हे मला मान्य आहे. 1950 ची पाने खुली झाली त्या दिवशीच सरकारी संकेतस्थळावर संगणकाने वाचलेली नावे शोधायला तयार होती. आम्ही शंभर जन्म घेतले तरी ते जमले नसते. पण त्याच संकेतस्थळावर, नाव चुकलेले दिसले तर सुधारा, अशीही सोय ठेवावी लागली आणि स्वयंसेवक एकेक कुटुंब तपासत बसले. चूक कशी पसरते याचे उदाहरण देतो.

अमेरिकेत 1850 आणि 1860 मध्ये गुलामांचे तक्ते वेगळे होते. मालकाचे नाव, आणि त्याखाली नुसती वये, स्त्री की पुरुष, आणि रंग. गुलामांची नावे सहसा नाहीतच. गुलामगिरी संपल्यावर 1870 च्या जनगणनेत ही माणसे पहिल्यांदा इतरांसारखी नावानिशी आली. आपले पूर्वज शोधणाऱ्या त्यांच्या वंशजांना 1870 च्या मागे जाणे फार अवघड, म्हणून ते एक पान त्यांच्यासाठी लाखमोलाचे. असे एक पान माझ्याकडे तपासायला आले. एक बाई, खाली चार मुले. लिहिता येत नाही, वाचता येत नाही, या दोन्ही रकान्यांत बाईच्या ओळीवर खुणा. आडनाव 'टर्नर'. मशीनने वाचलेल्या यादीत मात्र आले होते 'फर्नर'. मुलांच्या ओळींवर आडनावाच्या जागी फक्त वरचेच, अशा खुणा होत्या, म्हणजे चारही मुले 'फर्नर' झाली. त्या वर्षी घरातल्या माणसांचे एकमेकांशी नाते लिहीत नसत, तो रकाना 1880 मध्ये आला. म्हणजे या पाच जणांना एकत्र बांधणारा एकच धागा, आडनाव, आणि तोच पहिल्या अक्षराशी तुटला. कुणी 'टर्नर' शोधत आले असते तर हे पान त्याला कधीच दिसले नसते. त्याच पानावर वर सातव्या ओळीत त्याच प्रगणकाने 'टेनेसी' लिहिले होते. 'टी'चे वळण तेच. ते ताडून पाहायला मला दोन मिनिटे लागली.

आमच्या या कामात सगळे आलबेल आहे असे नाही. मी बरोबर टंकलेले नाव दुसऱ्या तपासनिसाने 'सुधारून' चुकवले, असे दोनदा झाले आहे, आणि दोन्ही वेळा मी रात्रभर धुसफुसलो. शिवाय फुकट राबणाऱ्यांनी केलेली यादी कुणी वर्गणी लावून विकली, तर ते मला पटत नाही. म्हणून काम घेण्याआधी, तयार यादी सर्वांना मोफत मिळणार का, एवढे मी विचारून घेतो. इंग्लंडच्या जुन्या जनगणनेच्या याद्या करणारा फ्रीसेन हा उपक्रम याबाबतीत चोख आहे.

कुणाला करून बघायचे असेल तर लहान गठ्ठा घ्यावा, आणि शक्यतो एकाच प्रगणकाची सलग पाने. तिसऱ्या पानावर त्याचे अक्षर ओळखीचे होते, दहाव्या पानावर तो कधी कंटाळला तेही कळते. वाचता आले नाही तर तशी खूण करून पुढे जावे.

मागच्या आठवड्यात पुतण्याला एक पान वाचायला बसवले. पहिल्याच ओळीत त्याने 'लारा' वाचले.

आपला,
एक नियमित वाचक
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)