कर्लीच्या सुकतीवर

देवबाग
मंगळवार, कार्तिक वद्य द्वादशी

प्रिय शुभे,

शनिवारी रात्री तुझे इतके फोन येऊन गेले आणि मी एकही उचलला नाही म्हणून रुसली असशील, तर आधी राग गिळ आणि मग वाच. फोन सासरी चार्जिंगला होता आणि मी माहेरच्या देवळासमोर गोणपाट अंथरून दशावतार बघत होते. उजव्या हाताला पट्टी आहे, त्यामुळे अक्षर लावून वाचावं लागेल. पट्टी कशाची ते ओघात येईलच.

शुक्रवारपासून सांगते. आमच्याकडे उतरणारी पुण्याची पर्यटक मंडळी रात्री नऊपर्यंत पोचणार होती. फोंडा घाटात ट्रक आडवा झाला आणि गाडी दारात आली तेव्हा दीड वाजून गेला होता. येऊन निमूट झोपतील असं वाटलं होतं, पण नाही! सगळ्यांना गरम जेवायचं होतं. रात्री दोनला चूल पेटवून बांगडे तळले. त्यात एक बाई ऐनवेळी म्हणाल्या, "माझा आज शुक्रवार." मग त्यांना वालीची भाजी. सोलकढी संपली, आगळाची बाटली माळ्यावर, माळ्यावर दिवा नाही. सगळं आवरून पाठ टेकते तोवर टाकीतलं पाणी संपलं आणि मोटर काही उचलेना. नवरा बॅटरी घेऊन मोटरशी झटापट करत होता, आणि मी विहिरीवर कळशी घेऊन. पाचला त्यांच्यातल्या दोघांना सूर्योदय बघायला जायचं होतं, त्याआधी चहा. देवबागेत सूर्य कर्ली खाडीच्या बाजूने उगवतो, समुद्रावर जाऊन दिसत नाही, हे त्यांना समजावून सांगण्यात आणखी वेळ गेला. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मध्ये आमची घरं, हे नकाशात बघूनसुद्धा लोकांच्या डोक्यात शिरत नाही.

शनिवारी मंडळी स्कूबाला गेली. त्यांचं जेवण करून ठेवलं, सासूबाईंना सगळं नेमून दिलं आणि मालवणहून कुडाळची गाडी पकडली. चौके, धामापूर ही स्टेशनं मला स्वप्नात दिसली असावीत, कारण नेरूरपारला उतरताना कंडक्टरने हलवून उठवलं. कंडक्टर म्हणजे दुसरी कोण? आपली नंदा! तिकीट द्यायला आली तेव्हा मी आधीच घोरत होते म्हणे. तिची रविवारची रजा होती. गाडी डेपोला लावून ती जत्रेलाच यायची होती. अलका तर गावातच आहे. अंगणवाडीचे आहाराचे तक्ते भरून भरून तिचे डोळे असे लाल झाले होते की आईला वाटलं, पोरीचे डोळे आलेत.

जत्रेचं तुला नवीन काय सांगू? ओटी भरायला रांग तीच, खाजं विकणारा तोच, आणि त्याच्या खाज्यात आलं अजून तेवढंच झणझणीत. माहेरवाशिणींची मात्र खूपच गर्दी. तुझी आई रांगेत माझ्या पुढे होती. तुझ्या नावाचा नारळ त्यांनी दिला, पण तू येत नाहीस ही तक्रार देवीला नाही, मला ऐकवली.

पालखी फिरली आणि बाराच्या पुढे नाटक उभं राहिलं. संकासुराने आल्याआल्या गावच्या रस्त्यातले खड्डे काढले आणि सरपंच पहिल्या रांगेत हसत बसले. न हसून सांगतात कोणाला? मग आख्यान लागलं, श्रीकृष्ण आणि जांबवंताचं. या लोकांचं मला नवल वाटतं बघ. हातात लिहिलेली एक ओळ नसते. संध्याकाळी कथा ठरते, कोण कोण होणार ते ठरतं, आणि रात्रभर भाषणं जागच्या जागी रचत जातात. जांबवंत म्हातारा होता, पण मृदुंगावर थाप पडली की त्याच्या पायात वारं शिरायचं. युद्ध एवढं रंगलं की पेटीवाल्याने पाय बदलला तरी सूर तुटला नाही.

तीनच्या सुमारास मी चहाला मागे गेले, तर जांबवंती पेटाऱ्यावर बसलेली. नऊवारी गुडघ्यापर्यंत वर घेतलेली, नाकात नथ, बोटांत बिडी, आणि मोबाईलवर कोणाला तरी सांगत होती, "सकाळी भाताक माणसा बघ, मी धापर्यंत येतंय." पडदा बाजूला झाला आणि ही बिडी चुलीत टाकून बाहेर गेली ती लाजतच. 'रात्रीचो राजा, सकाळी डोक्यार बोजा' हे आपण लहानपणी नुसतं घोकत होतो. सकाळी दहीकाला फुटल्यावर हीच जांबवंती खोबरेल तेलाने गालावरचा रंग पुसत होती आणि खाली दाढीचे खुंट उगवले होते.

आता मुद्द्यावर येते. हंडी फुटली, उजाडलं, आम्ही तिघी दादाच्या पडवीत चहा पीत बसलेलो. झोप अशी कोणाला नव्हतीच. पार उलटून गेली होती. मला संध्याकाळपर्यंत देवबागेत परतायचं होतं. नंदा म्हणाली, "एसटीत मी रजेच्या दिवशी बसणार नाही, आधीच सांगते." आणि अलकाने दादाच्या उलांडीच्या, बाजूला तोल सांभाळणारं लाकूड बांधलेल्या होडीकडे नुसतं बघितलं. आपण शाळेत असताना किती वेळा बेत केला होता आठव, होडी घेऊन थेट समुद्रापर्यंत जायचं! कधी पाऊस, कधी परीक्षा, कधी तुझे बाबा.

दादा आधी नाहीच म्हणाला. मग वहिनीने त्याला आत बोलावलं. काय सांगितलं देव जाणे, पण बाहेर आला तो वल्ही घेऊनच. शेजारचे आबा पागेराचं जाळं विणत बसले होते, त्यांनी मान वर न करता विचारलं, "तीथ खयची?" मी म्हटलं, दशमी. "मग कर पाऊणपट." तिथीची पाऊणपट करायची आणि येतील तेवढे वाजता भरती पूर्ण. दशमीचे साडेसात. हे तोंडावर, समुद्रावर. आत खाडीत अर्धा-पाऊण तास मागे. म्हणजे आठ-सव्वाआठला पाणी फिरणार आणि दुपारी दीडपर्यंत सुकती, म्हणजे ओहोटी, आपल्याला खाली नेणार. आबा म्हणाले, "भांगाचा पाणी आसा, तेका जोर नाय. मतलई आसा तोपर्यंत जावा. खारो वारो सुटलो की वल्ही मारून मरशात." मतलई म्हणजे सकाळचा जमिनीकडून येणारा वारा, खारा म्हणजे दुपारचा समुद्राकडून येणारा. हे त्यांनी दोनदा सांगितलं. नंदाने दोन्ही वेळा मान डोलावली, हे मुद्दाम लिहून ठेवते.

सोबत घेतलं ते एवढंच: पाण्याचा कॅन, खाज्याची पुडी, वहिनीने बांधून दिलेले घावणे, एक कोयता, आणि होडीतलं पाणी उपसायला डालड्याचा जुना डबा. माझी ओटीची साडी मी तिथेच ठेवली आणि वहिनीचा ड्रेस चढवला. नंदा पुढच्या टोकाला नाळीवर, अलका मध्ये, मी मागे. नंदाने शिट्टी मारली आणि म्हणाली, "डबल!"

सुरुवातीचा तासभर वल्हं नुसतं पाण्यात धरायचं काम. मागून मतलईचा गार वारा, खालून पाणी, आणि नेरूरपारचा पूल मागे सरकत गेला. पुलावरून गाड्या जात होत्या, त्यांत नंदाची ड्युटीची गाडीही गेली. तिने हात केला, ड्रायव्हरने हॉर्न दिला, आणि काठावरचे सगळे बगळे उडाले. वालावलच्या अंगाला पाणी संथ होतं. तिथे एक पाणमांजर मासा तोंडात धरून पोहत होतं. आम्हाला बघून बुडालं आणि पलीकडे निघालं तेव्हाही मासा तोंडात होताच. अलकाने मगरीची गजाल काढली. नंदा म्हणाली, अंगणवाडीत सांग, इथे नको.

वालावल गेलं आणि अलका झोपली. बसल्या बसल्या, डोळे उघडे ठेवून झोपली गं! वल्हं हातातून सुटून पाण्यात गेलं तरी बाई समोर बघतेच आहे. मी ओरडले, नंदा वळली, होडी वळली, वल्हं आपलं निवांत खाली निघालं. उलांडी आहे म्हणून बरं, नाहीतर त्या गोंधळात तिघी पाण्यात गेलो असतो. शेवटी नंदाने दोराला डबा बांधून फेकला आणि तिसऱ्या फेकीला वल्हं ओढून आणलं. त्यानंतर नियम झाला: जी जांभई देईल तिने गायचं. म्हणजे पुढचा वेळ आम्ही तिघी सतत गात होतो.

कवठीच्या पुढे सुकतीने वाळूचा पट्टा उघडा पडलेला. पाऊल टाकलं की पायाखाली तिसऱ्यांचे शिंपले बोचत होते. बोटं वाळूत खुपसायची, गार कवच लागलं की उपसायचं. आपण चड्डी-झग्यातल्या होतो तेव्हापासून हाताला माहीत असलेलं काम. डबा भरला, मग नंदाची ओढणी भरली. मी म्हणत होते, निघूया, वारा पडलाय. वारा पडला म्हणजे मतलई संपला, आता दुसरा येणार. पण नंदाला आणखी तिसऱ्या हव्या होत्या. मान डोलावणारी हीच.

आणि आलाच. आधी पाण्यावर काळपट सुरकुत्या दिसल्या, मग तोंडावर खारट वारा, आणि बघता बघता लाटा नाळीवर आपटायला लागल्या. खाडी तिथे चांगलीच रुंद आहे. मधून जावं तर दहा वल्ह्यांत जेवढं पुढे जावं तेवढं दोन श्वासांत मागे. एकदा समोरचं एकच माडाचं झाड किती वेळ दिसत होतं! माझ्या तर डोळ्यांसमोर अंधारी आली, दोन रात्रींचं जागरण तिथे भेटलं. अलका मात्र आता टक्क जागी. तिनेच सांगितलं, कोरजाईच्या काठाला लागा, कांदळाच्या आडोशाला वारा कमी लागेल. तसंच झालं. वल्ही आत घेतली आणि कांदळाच्या फांद्या धरधरून होडी ओढत निघालो, एकीने फांदी धरायची, दुसरीने पुढची. फांदी म्हणून मी धरलं ते मूळ निघालं, आणि त्याला कालवं चिकटलेली. तळहात उभा कापला गेला. खाऱ्या पाण्यात जी आग झाली ती लिहून कळायची नाही. नंदाने ओढणीतल्या तिसऱ्या होडीत ओतल्या आणि ओढणी हाताला गुंडाळली. त्या वासासकट मी पुढे आले.

कांदळाच्या आत मात्र काय सावली होती, शुभे! मुळांवर बोटाएवढे मासे चढून बसलेले, होडी जवळ आली की पाण्यावरून उड्या मारत पळायचे. ऊन होतं, भूक होती, हात ठणकत होता, आणि आम्ही घावणे काढून तिथेच फांदीला होडी बांधून बसलो. खाज्याची पुडी ओली झाली होती, तरी खाल्ली. कोणाला घाई नव्हती. माझ्या घरी गिऱ्हाइकं जेवायला बसली असतील हे मला आठवलं, आणि आठवून पुन्हा विसरले.

दीड वाजून गेल्यावर पाणी फिरलं, तेव्हा वाराही समोरून आणि भरतीही समोरून. शेवटचा तुकडा पार करून पलीकडे देवबागेला लागायचं म्हणजे खाडी आडवी कापायची. तिथे त्सुनामी बेटाजवळ पर्यटकांची जत्रा. जेटस्की, केळ्याची बोट, आरडाओरडा. त्यांच्या लाटा आडव्या येऊन आम्ही पाळण्यात बसल्यासारख्या हलत होतो. एवढ्यात केशरी जाकीट घातलेला एक माणूस बोटीतून ओरडला, "मॅडम, ही राइड कितीला?" नंदाची अठरा वर्षांची नोकरी बोलली: "सुटे आहेत का?" तो खरंच खिसा चाचपायला लागला. हसता हसता आमची वल्ही थांबली आणि होडी परत मागे.

काठावर पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. नवरा कमरेवर हात ठेवून उभा. आधी होडीकडे बघितलं, मग हाताकडे, मग म्हणाला, "तिसऱ्या दे, साफ करतो." सासूबाईंनी हळद लावली आणि बोलल्या ते बोलल्याच, ते इथे लिहीत नाही. पुण्याच्या मंडळींना रात्री तिसऱ्यांची एकशिपी वाढली. मी वाढायला नव्हते, सहा वाजता जी आडवी झाले ती सोमवारी उजाडल्यावर उठले. नंदा-अलकाला रात्रीच्या गाडीने कोणी बसवून दिलं तेही मला ठाऊक नाही.

आता तुझ्यापुरतं. होडी अजून आमच्याच काठाला बांधलेली आहे. दादा रोज फोन करतो, "होडी माझी कधी येतली?" मी सांगितलंय की एक फळी ढिली झालीय, सुतार बघतोय. फळी ठणठणीत आहे. परत न्यायची तर भरतीवर न्यायला हवी आणि खारा वारा पाठीशी घ्यायला हवा. मी पाऊणपट करून बसलेय: मार्गशीर्ष वद्य तृतीयेला सव्वादोनला भरती, सकाळी आठच्या सुमाराला पाणी वळतं, आणि पौर्णिमेला लागून असल्यामुळे त्याला जोरही असणार. नऊला निघालो की दुपारी दादाच्या दारात. नंदाने रजेचा अर्ज टाकलाय, अलका म्हणते अंगणवाडीला बघू. नाळीवरची जागा रिकामी आहे, कारण नंदाला तिथे मी पुन्हा बसवणार नाही. तू नाताळच्या आधी दोन दिवस रजा काढ आणि दादरहून तुतारी धर, कुडाळला उतर. मुलांना सासूबाईंकडे ठेव, कारण सांगायला माझ्या हाताची जखम आहेच, पाहिजे तर वाढवून सांग.

दादाचा फोन आला तर त्याला सुताराचं तेवढं सांभाळून घे.

तुझी,
सुमा

ता. क. येताना जेवणाचा डबा आण, पण त्यात काही गोड नको. खाजं अजून शिल्लक आहे.