पळणाऱ्या घुडखरांचे फोटो छापताना एवढं विचारा

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीत वाचकांच्या फोटोंमध्ये कच्छच्या छोट्या रणातल्या घुडखरांचा, म्हणजे तिथल्या रानगाढवांचा, फोटो बघितला, धूळ उडवत अख्खा कळप पळतोय. सुंदर आहे, पण असे फोटो बऱ्याचदा कसे मिळतात ते मी एप्रिलमध्ये डोळ्यांनी बघून आलेय म्हणून लिहितेय.

आम्ही बडोद्याहून पहाटे निघालो, जीप ठरवून रणात शिरेपर्यंत साडेदहा वाजले. लांबचं जवळ दाखवणारी ६०० मिमीची लेन्स, शटर सेकंदाच्या १/२००० इतकं वेगवान, कळप तीन-चारशे मीटरवर निवांत चरतोय, आणि एक फोटो शार्प येईना! पाय पाण्यात वितळल्यासारखे, ऑटोफोकस सारखा पुढे-मागे. मला वाटलं लेन्सच बिघडली. पण तापलेल्या जमिनीवरची गरम हवा वर येत राहते, वरच्या गार हवेत मिसळते आणि प्रकाश जागोजागी वेगळा वाकतो, मृगजळ दिसतं तेही या तापलेल्या हवेमुळेच. तिथे शटर वाढवा, ट्रायपॉड लावा, घरी येऊन सॉफ्टवेअरमध्ये शार्पनेस कितीही ओढा, काही होत नाही. मोठी लेन्स तर ती थरथरही मोठी करून दाखवते. मधली हवा कमी करणं, म्हणजे जवळ जाणं, एवढाच उपाय सुचतो आणि घोळ तिथेच होतो.

आमचा ड्रायव्हर लगेच म्हणाला, "बेन, भगाडूं?" म्हणजे त्यांना पळवू का? मी नको म्हटलं. शेजारच्या जीपने मात्र कळपाला समांतर गाडी सोडली. घुडखर ताशी ६०-७० किलोमीटरने पळू शकतो हो, पण चाळिशीच्या उन्हात किती वेळ? जीप थांबल्यावर एक गाभण मादी मागे राहिलेली दिसली, नाकपुड्या फुगलेल्या, बरगड्या भात्यासारख्या हलतायत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात प्राण्याचा असा पाठलाग करणं, त्याला हाकणं हे शिकारीच्या व्याख्येतच येतं, हे त्या जीपमधल्या किती जणांना माहीत असेल?

दुसऱ्या दिवशी उजाडताच गेलो. लेन्स बाहेरच्या तापमानाला यावी म्हणून एसीतून आधीच बाहेर काढून ठेवलेली, इंजिन बंद, आणि जमिनीवर आडवं न पडता जीपच्या सीटवरूनच फोटो काढले, कारण जमिनीलगतची हवा सगळ्यात आधी तापते. तासभर काही नाही. मग दोन नर आपसातच भांडत एकमेकांच्या मागे लागले, आयाळ ताठ उभी, खुरांखाली मिठाचा पापुद्रा फुटतोय, आणि ते सगळे फोटो शार्प आले, आयाळीचा केस न् केस मोजता येतो. साडेआठनंतर पुन्हा थरथर दिसायला लागली, कॅमेरा बॅगेत टाकला.

म्हणून विनंती, फोटो मागवताना किती वाजता काढला, किती लांबून काढला आणि गाडी उभी होती की चालत होती एवढं विचारा, आणि ते फोटोखाली छापा. गाडी मागे लावून काढलेला असेल तर कितीही चांगला असो, छापू नका.

– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा