आरा करायला शिकवणाऱ्या काकाजींना

काकाजी, नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, हे मला ठाऊक आहे. तुमच्या नातीला सांगून ठेवलंय, ती वाचून दाखवेल. तरी हे चारचौघांत लिहितोय, कारण चिरलेल्या फळ्यांचे फोटो पाहून लोक मला सारखं विचारतात की एवढा मोठा आरा, म्हणजे लाकूड उभं चिरायची चौकटीची करवत, कुठून घेतला. तो विकत घेतलेला नाही. नागभीडच्या पलीकडच्या एका गावात, एका लोहाराच्या पडवीत तो तयार झाला. ज्यांनी तो माझ्याकडून करवून घेतला, त्यांनी माझा एक रुपयाही घेतला नाही. तुमचं नाव इथे लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही.

आमच्या झाडीपट्टीत कवेलूची घरं आता भराभर पडताहेत. त्या जागी स्लॅब येतो, आणि पणजोबांच्या काळातले सागवानी खांब, म्याल (छपराच्या जाड तुळया) अंगणाच्या कोपऱ्यात पावसात पडून राहतात. पुढे ते कुऱ्हाडीने फोडून चुलीत जातात. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान गेलं, तेव्हा अख्ख्या चंद्रपूर जिल्ह्याला अभिमान वाटला. तेच सागवान आपल्या अंगणात सरपण होतं, याचं मला फार वाईट वाटतं. इतकं मुरलेलं, वर्षानुवर्षं धुरात आणि सावलीत वाळलेलं लाकूड आज डेपोतही सहजी मिळत नाही.

असे म्याल आरा मशीनवर, म्हणजे लाकूड चिरायच्या गिरणीत, नेले की मालक हात जोडतो. त्याचंही चुकत नाही. जुन्या लाकडात खिळे असतात, काही तर आतच मोडून वरून बुजलेले. मशीनच्या धावत्या दातेरी पट्ट्याखाली असा एक खिळा आला की दाते उडतात, पट्टाही तुटतो, आणि शेजारी उभ्या माणसाच्या जिवावर बेततं. हाताच्या करवतीला खिळा लागला तर आवाज बदलतो, हात तिथेच थांबतो, पटाशीने जागा मोकळी करून जंबुराने खिळा ओढता येतो. जुनं लाकूड वाचवायचं तर ते हातानेच चिरलं पाहिजे, हे मला पटलं होतं. पण त्यासाठी लागणारी करवत कुठल्याच दुकानात नव्हती.

मी दुकानातली करवत घेऊन तुमच्याकडे आलो, तेव्हा तुम्ही तिचे दाते उजेडाकडे धरून पाहिले आणि म्हणालात, "हे आडवं कापाची हाये, पोरा. उभं चिराले दुसरा दाता लागते." मग कानस फिरवून दाखवली, तर ती दात्यावरून नुसती घसरली. कारखान्यात त्या दात्यांची टोकं इतकी कडक केलेली असतात की कानस त्यांना धरतच नाही. धार गेली की करवत फेकून द्यायची. आयटीआयमध्ये मी सुतारकाम शिकलो, पण हा फरक तुमच्यासारखा हातात देऊन मला कोणी समजावला नव्हता.

तुम्ही तो फरक जमिनीवर कोळशाने काढून दाखवलात. आडव्या कापात लाकडाचे रेषे (तंतू) तोडायचे असतात, म्हणून दात्याच्या दोन्ही कडा चाकूसारख्या तिरप्या घासतात. उभ्या चिरणीत दाता रेष्यांच्या दिशेनेच चालतो. तिथे त्याने लहान पटाशीचं काम करायचं असतं, तळ खरवडून पुढे सरकायचं. म्हणून त्याचं तोंड जवळजवळ सरळ उभं ठेवायचं आणि कानस पात्याला काटकोनात धरायची, तिरकी अजिबात नाही. दात्यांमधलं अंतरही मोठं हवं. नऊ-दहा इंच जाडीच्या म्यालातून पातं एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाईपर्यंत सगळा भुसा दात्यांमधल्या खाचेतच बसतो. खाच लहान असली की ती मध्येच भरते आणि दाता लाकडाला टेकतच नाही. माझ्या आऱ्याला तुम्ही इंचाला दोन दाते ठेवायला लावलेत ते यासाठी.

पोलाद तुमच्याच गोदामातून आलं. गोदाम म्हणजे पडवीतला तो कोपरा, जिथे कमानपट्ट्या, मोडके वखर आणि तिफनीची फणं पडलेली असतात. तिथे आरा मशीनचा एक झिजलेला पट्टा गुंडाळून ठेवला होता, चार इंच रुंद आणि जेमतेम एक मिलिमीटर जाड. त्या पोलादाला पाणी कारखान्यातच दिलेलं असतं, म्हणजे तापवून-निववून कडक केलेलं असतं. धार टिकेल इतकं ते कडक आणि कानस चालेल इतकं मऊ असतं, म्हणजे करवतीला हवं तसंच. जुने दाते ग्राइंडरने कापताना तुम्ही माझ्या डोक्याशी उभे होता. थोडं कापायचं, ओल्या फडक्याने निववायचं, पुन्हा थोडं कापायचं. पोलाद तापून निळं पडलं की पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला, आणि मग तो दाता कायमचा वाया, हे तुम्ही दर वेळी नव्याने सांगत होता. मला त्याचा कंटाळा आला नाही.

खरं शिकणं झालं ते घासताना. आधी सपाट कानस सगळ्या दात्यांच्या टोकांवरून एकदा फिरवून उंची एक करायची. मग तीनधारी कानशीने खाच पाडत जायची, प्रत्येक दात्याला मोजून तेवढेच हात. धार आली की नाही हे कसं ओळखायचं, ते तुम्ही दाखवलंत. दाते उजेडाकडे धरले की बोथट टोक चमकतं, धार आलेलं टोक दिसतच नाही. तुमची नजर आता तितकी राहिली नाही, तुम्ही अंगठ्याच्या पेराने पाहता. तुमच्या अंगठ्याला जो दाता खटकला, तो माझ्या डोळ्यांना पुष्कळ वेळाने दिसायचा.

त्यानंतर खाच पाडलेल्या पट्टीने एक दाता डावीकडे आणि एक उजवीकडे किंचित वाकवायचा, म्हणजे चीर पात्यापेक्षा जराशी रुंद पडते आणि पातं अडकत नाही. तुम्ही सांगितलेली एक गोष्ट तर मी दुकानाच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवली आहे. आरा सुताच्या रेघेवरून एका बाजूला ओढायला लागला, तर मनगटाने ओढून त्याला सरळ करू नये. ज्या बाजूला तो ओढतो, त्या बाजूच्या दात्यांवरून पथरी (धार लावायचा दगड) हलकी फिरवावी. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं असतं तरी मला कळलं नसतं. तुम्ही तिरका चाललेला आरा माझ्या हातून काढून घेतलात, दोनदा पथरी फिरवलीत आणि तो सरळ चालायला लागला.

चौकट सागवानाची, त्याच म्यालातल्या एका तुकड्याची. पातं मधोमध आणि बोल्ट आवळून ताठ केलेलं. ताणलेलं पातं वाकत नाही, म्हणून इतकं पातळ पातंही चालतं, आणि पातळ पातं म्हणजे लाकूड कमी वाया. माझी चीर दीड-पावणेदोन मिलिमीटरची पडते. गोल पात्याच्या मशीनवर याच्या दुपटीहून जास्त लाकडाचा भुसा झाला असता. एका म्यालातून फळ्या काढताना हा फरक मोठा होतो.

हा आरा आता मी आणि माझी बायको मिळून ओढतो. म्यालाच्या दोन्ही अंगांना सूत मारलेलं असतं, ती तिच्या बाजूची रेघ सांभाळते, मी माझ्या. जोर लावायचा नाही, आऱ्याच्या वजनानेच तो उतरतो. चीर लांब गेली की मागे पाचर ठोकायची, पात्याला मेणबत्ती घासायची. सागवानात बारीक वाळूसारखा अंश असतो, त्याने धार लवकर जाते, म्हणून कानस कायम हाताशी. मशीनच्या मानाने काम सावकाश होतं, पण नवं लाकूड विकत आणण्यापेक्षा गिऱ्हाइकाला स्वस्त पडतं आणि दार त्याच्याच आजोबांच्या लाकडाचं होतं. यंदा तान्ह्या पोळ्याचे नंदीही त्याच फळ्यांच्या उरलेल्या तुकड्यांतून केले.

काकाजी, ट्रॅक्टर आले आणि वखर, डवरे भरायला येणारी माणसं तुमच्याकडे यायची कमी झाली. खळ्यावरून येणारं धान्य तर कधीच बंद झालं. अशा वेळी हातातली विद्या माणूस जपून ठेवतो, आणि कोणी तसं केलं तर त्याला बोल लावता येत नाही. तुम्ही मात्र मला काहीच अर्धवट सांगितलं नाहीत. मी विचारलं नव्हतं तेही सांगितलंत. निघताना तुमची ती जुनी, रुईच्या मुठीची तीनधारी कानस माझ्या पिशवीत टाकलीत. मी पैशांचं बोललो तर तुम्ही रागावलात, म्हणून तेव्हा गप्प बसलो. आज लिहितो, की माझं दुकान ज्या कामावर उभं आहे, ते काम तुमच्यामुळे मला येतं. तुमचे फार उपकार आहेत.

गावातली दोन पोरं आता माझ्याकडे शिकायला येतात. कानस काटकोनात धरायची सवय त्यांना लावतो आहे, आणि पहिले दाते जुन्या पट्ट्याच्या तुकड्यावरच घासायला देतो. धान निघालं की तुम्हाला घ्यायला गाडी घेऊन येतो. एक दिवस दुकानात बसा, त्यांचं घासणं अंगठ्याने तपासा आणि काही खटकलं तर मला न विचारता त्यांना सांगा. काकूंनाही सोबत आणा, मुक्कामाला.

तुमचा,
करवतवाला पोरगा