इंग्रजी आधी मुलांच्या कानावर पडू द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की खानदेशात गावोगावच्या पालकांच्या तोंडी एकच काळजी असते, ती म्हणजे आपल्या मुलाला इंग्रजी बोलता येईल की नाही. महाराष्ट्रात सन २००० पासून सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. म्हणजे मराठी शाळेतून आज दहावी होणारे मूल दहा वर्षे हा विषय शिकलेले असते. ते निबंध लिहिते, अर्ज लिहिते, रिकाम्या जागा भरते, आणि तरीही फोनवर समोरचा माणूस इंग्रजीत बोलू लागला की गांगरून फोन दुसऱ्याच्या हाती देते. मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवत आलो आहे. या अवस्थेचे एक कारण मला अगदी स्पष्ट दिसते आणि ते आपल्या वाचकांपुढे व शिक्षण विभागापुढे मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. रोजच्या इंग्रजीचा फार मोठा व्यवहार से, टेल, स्पीक, टॉक, हिअर, लिसन आणि साउंड अशा ऐकण्या-सांगण्याच्या मोजक्या क्रियापदांवर चालतो. ही क्रियापदे आपण मुलांना शब्दार्थांच्या यादीतून देतो. ती त्यांच्या कानावर मात्र पडू देत नाही.

इंग्रजीत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या क्रियापदांत बी, हॅव आणि डू यांच्या पाठोपाठ ‘से’चा क्रमांक लागतो. इतका नित्याचा शब्द, पण त्याची रूपे वर्गात कशी उच्चारली जातात ते पाहा. ‘सेड’ या भूतकाळी रूपाच्या स्पेलिंगमध्ये ए आणि आय दिसतात, म्हणून मुले ‘सैद’ वाचतात. ‘सेझ’ असा आखूड उच्चार असलेले रूप ‘सेज’ असे लांबवून वाचले जाते. ‘हर्ड’चे ‘हिअर्ड’ होते, ‘लिसन’मधला न उच्चारायचा टी आवर्जून उच्चारून ‘लिस्टन’ होते, आणि ‘टॉक’मध्ये एल दिसतो म्हणून ‘टाल्क’ म्हटले जाते. ऐकण्या-बोलण्यासाठी जे शब्द आहेत, नेमके तेच डोळ्यांना फसवणारे निघावेत, हा इंग्रजी स्पेलिंगच्या इतिहासाचा भाग आहे आणि त्यात मुलांचा काहीही दोष नाही. परंतु हे शब्द पुस्तकात दिसण्याआधी जर शंभर वेळा कानावर पडले असते, तर स्पेलिंगला त्यांचा उच्चार बिघडवता आला नसता. असे मूल पुढे खरे इंग्रजी ऐकते, तेव्हा ‘हर्ड’ हा शब्द आपल्याला माहीत आहे हेच त्याला ओळखू येत नाही, कारण त्याच्या डोक्यात ‘हिअर्ड’ बसलेले असते. मुलांना समजत नाही असे आपण म्हणतो, पण अनेकदा त्यांना शब्द येत असतो आणि तो फक्त ऐकू येत नाही.

आता ‘से’ आणि ‘टेल’ यांचे पाहू. ‘ही सेड मी’ ही चूक दरवर्षी प्रत्येक वर्गात होते आणि लाल शाईने ती दरवर्षी खोडली जाते, पण ती कुठून येते हे मुलांना कोणी सांगत नाही. ‘तो मला म्हणाला’ हे शुद्ध मराठी आहे. त्यातला ‘मला’ उचलून मूल त्याच्या जागी इंग्रजी ‘मी’ (me) लिहिते. अहिराणीतल्या ‘माले’ला आणि लेवा गणबोलीतल्या ‘मले’लाही हेच लागू आहे. इंग्रजीत ‘से’च्या पुढे माणूस थेट येत नाही, मध्ये ‘टु’ लागतो. ‘टेल’च्या पुढे मात्र माणूस थेट येतो आणि बहुधा यावाच लागतो. खरे तर मराठी मुलाला हा भेद समजायला अवघड नाही, कारण म्हणणे आणि सांगणे यांतला फरक तो घरी रोज पाळतो. ‘त्याने मला थांबायला सांगितले’ असे आपण म्हणतो, तिथे ‘म्हटले’ चालत नाही. इंग्रजीतही तिथे ‘टोल्ड’च येते. आपण गोष्ट सांगतो, तिथे ‘टेल’. आपण प्रार्थना म्हणतो, तिथे ‘से’. कापसाच्या पेरणीच्या दिवसांत आभाळाकडे पाहून शेतकरी ‘आज येईल की नाही, सांगता येत नाही’ असे म्हणतो, तेव्हा इंग्रज माणूस त्याच अर्थाने ‘आय कांट टेल’ म्हणेल. दोन भाषांचा इतका मेळ असताना तो वर्गात दाखवलाच जात नाही, ही मला मोठी उणीव वाटते. मराठी आणि बोली ही इंग्रजी शिकण्यातली अडचण आहे, असे मानणाऱ्या पालकांनी आणि शिक्षकांनीही याचा विचार करावा.

अर्थात मेळ सगळीकडे नाही आणि जिथे तो तुटतो तिथेच शिक्षकाची खरी गरज आहे. आपण गाणे म्हणतो, म्हणून मूल ‘शॅल आय से अ साँग’ असे विचारते. आपण खोटे बोलतो, म्हणून ‘ही स्पीक्स लाय’ असे वाक्य तयार होते; इंग्रजीत खोटे सांगितले जाते, तिथे ‘टेल’ हवे. सगळ्यांत रंजक उदाहरण ‘बोलणे’ या शब्दाचे आहे. ‘बाबा मला खूप बोलले’ याचा अर्थ मराठीत रागावले असा होतो. एका मुलीने वहीत ‘माय फादर स्पोक मी व्हेरी मच’ असे लिहिले होते. तिला जे सांगायचे होते ते मराठी वाचकाला तत्काळ कळेल, पण इंग्रज वाचकाला त्यात वडिलांचा राग कुठेच दिसणार नाही. त्यासाठी इंग्रजीत ‘टोल्ड मी ऑफ’ असा साधा, बोलीतला प्रयोग आहे आणि तो आमच्या कोणत्याही शब्दार्थांच्या यादीत मी पाहिलेला नाही.

ऐकण्याच्या शब्दांत याहून अधिक काळजी घ्यावी लागते, कारण तिथे चूक झाली तर वाक्य शुद्ध राहूनही गैरसमज होतो. मराठीत ‘मला ऐकू येते’ आणि ‘मी ऐकतो’ असे दोन स्वतंत्र प्रयोग आहेत. पहिला ‘हिअर’ आणि दुसरा ‘लिसन’, इतके एका तासात मुलांच्या पक्के लक्षात येते. फोनवर आपण ‘आवाज येतोय का’ असे विचारतो आणि त्याचेच ‘इज माय व्हॉइस कमिंग’ होते. इंग्रजी बोलणारा ‘कॅन यू हिअर मी’ असे विचारतो. इथवर फार बिघडत नाही. पण मराठीत ऐकण्याला मान्य करण्याचाही अर्थ आहे. ‘तो माझे ऐकत नाही’ म्हणजे तो माझ्या सांगण्याप्रमाणे वागत नाही. ‘लिसन’मध्ये हा अर्थ काही प्रमाणात येतो, ‘हिअर’मध्ये येत नाही. रावेर तालुक्यातला माझा एक माजी विद्यार्थी केळीच्या निर्यातीचे काम पाहतो. त्याने फोनवर परदेशी खरेदीदाराला भाव सांगितला तेव्हा समोरून ‘आय हिअर व्हॉट यू आर सेइंग’ असे उत्तर आले. आपले ऐकले गेले, म्हणजे भाव मान्य झाला, असे समजून त्याने शेतकऱ्याला तसे कळवूनही टाकले. प्रत्यक्षात, विशेषतः ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत, हे वाक्य अनेकदा सभ्य नकाराची सुरुवात असते. त्याच्या मागोमाग ‘बट’ येणार हे ऐकणाऱ्याने गृहीत धरायचे असते. हा विद्यार्थी व्याकरणात पक्का होता. ते वाक्य कोणत्या सुरात आणि कुठे वापरतात, हे त्याने दहा वर्षांत कधी ऐकलेले नव्हते.

याच्या उलट गोष्ट ‘दॅट साउंड्स गुड’ या वाक्याची आहे. मराठीत ‘ऐकायला बरे वाटते’ असे कोणी म्हटले, की त्याला त्या गोष्टीबद्दल शंका आहे हे आपण ओळखतो. रोजच्या इंग्रजीत मात्र ‘साउंड्स गुड’ म्हणजे सरळ होकार: उद्या दहाला भेटू या का, असे विचारल्यावर दिलेली संमती. शब्दशः अर्थ लावणारा मराठी तरुण मुलाखतीत हे वाक्य ऐकून खट्टू होऊ शकतो आणि ‘आय हिअर यू’ ऐकून खूश होऊ शकतो, हे लक्षात घेतले म्हणजे केवळ शब्दकोशाच्या आधारे भाषा शिकवण्याचा धोका कळतो.

आणखी एक गोष्ट. इंग्रजीत पाटी, घड्याळ, नोटीस, औषधाची बाटली ही सगळी बोलतात. ‘द क्लॉक सेझ टेन’, ‘द नोटीस सेझ’ असे प्रयोग इंग्रजी घरांतली लहान मुलेही करतात. आमची मुले ‘ऑन द बोर्ड इट इज रिटन दॅट’ अशी लांबण लावतात. ते चुकीचे नाही, पण असे सहसा कोणी बोलत नाही. तसेच पत्राच्या शेवटी ‘हिअरिंग फ्रॉम यू’ असे सगळेच पाठ लिहितात, पण इथे ऐकणे म्हणजे लेखी उत्तर येणे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तहसील कार्यालयातल्या ‘हिअरिंग’ची तारीख मात्र गावातल्या निरक्षर म्हाताऱ्यालाही समजते, कारण तो शब्द त्याने व्यवहारात ऐकलेला आहे आणि आपल्या ‘सुनावणी’शी तो अगदी जुळतो.

कानाने काय साधते याचा पुरावा शोधायला खानदेशाबाहेर जावे लागत नाही. भुसावळ जंक्शनवर मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत घोषणा होतात. स्टेशनजवळ राहणारी मुले ‘मे आय हॅव युअर अटेन्शन प्लीज’ पासून गाडी कोणत्या फलाटावर येत आहे इथपर्यंतचे सगळे वाक्य योग्य आघातासह, योग्य ठिकाणी थांबून म्हणून दाखवतात. त्यांना ते कोणी शिकवलेले नाही आणि त्यातल्या निम्म्या शब्दांची स्पेलिंग त्यांना येतही नसतील. सातपुड्याच्या पायथ्याची पावरा आणि भिल्ल मुले तर घरी एक, बाजारात दुसरी आणि शाळेत तिसरी भाषा बोलतात; ऐकून भाषा उचलण्याची त्यांची ताकद शहरी मुलांपेक्षा अधिक आहे असे माझे मत आहे, आणि आपण नेमकी तीच ताकद इंग्रजीच्या तासाला बाजूला ठेवायला लावतो.

त्याऐवजी आपण काय करतो? ‘डायरेक्ट-इनडायरेक्ट’ची घोकंपट्टी. ‘सेड टु’ दिसले की ‘टोल्ड’ करा, वर्तमानकाळ दिसला की भूतकाळ करा. हा नियम परीक्षेपुरता ठीक आहे, पण प्रत्यक्ष बोलताना इंग्रज माणूस ‘शी सेड शीज कमिंग’ असे सहज म्हणतो, आणि त्याच्याकडची तरुण पिढी तर गेली काही दशके दुसऱ्याचे बोलणे सांगताना ‘शी वॉज लाइक’ अशी सुरुवात करते. हे सगळे मुलांनी बोलावे असा माझा आग्रह नाही. पण ते कानावर पडले तर ओळखता यावे, एवढी अपेक्षा दहा वर्षांच्या शिक्षणाकडून ठेवणे गैर नाही.

दहावीच्या इंग्रजीत लेखी परीक्षेखेरीज २० गुण शाळेच्या हाती असतात. २०१९ च्या परीक्षेत भाषांचे हे गुण काढून टाकण्यात आले, राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला, ओरड झाली आणि पुढच्या वर्षापासून ते गुण परत आले. त्या वेळी वर्तमानपत्रांत आणि पालकांत चर्चा झाली ती टक्केवारीची. या गुणांच्या निमित्ताने मुले इंग्रजी ऐकायला आणि बोलायला शिकतात का, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. अनेक ठिकाणी ही तोंडी परीक्षा एका दुपारी उरकली जाते, मुलाने पाठ केलेल्या चार ओळी म्हटल्या की सरसकट भरघोस गुण दिले जातात, आणि ऐकण्याची परीक्षा म्हणून शिक्षक पाठ्यपुस्तकातलाच उतारा वाचून दाखवतात.

माझी शिक्षण विभागाला आणि आपल्या जिल्ह्यांतील मुख्याध्यापकांना विनंती आहे की, पहिली ते पाचवीपर्यंत इंग्रजीचे निदान दोन तास आठवड्यातून पुस्तक न उघडता घ्यावेत आणि त्यांत ऐकण्या-सांगण्याची ही सात क्रियापदे छोट्या संवादांतून, प्रत्येक मुलाच्या तोंडून, वारंवार वदवून घ्यावीत. पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापले आहेत, पण ज्या शाळेत वीज आणि नेट बेभरवशाचे आहे तिथे ते कामाला येत नाहीत. अशा शाळांसाठी ध्वनिफिती साध्या पेन ड्राइव्हवर आणि स्पीकरसह पुरवाव्यात. जळगाव आकाशवाणीने शाळेच्या वेळेत इंग्रजी संवादांचे पंधरा मिनिटांचे पाठ प्रसारित केले, तर सातपुड्यातल्या एकशिक्षकी शाळेपर्यंतही ते पोहोचतील. आणि दहावीच्या त्या २० गुणांपैकी ऐकण्याचे गुण मुलांनी आधी न ऐकलेल्या ध्वनिफितीवर, शेजारच्या शाळेतल्या शिक्षकासमोर दिले जावेत. हा शेवटचा बदल करायला नवा अभ्यासक्रम लागत नाही, मंडळाचे एक परिपत्रक पुरेसे आहे, आणि ते या वर्षीच्या तोंडी परीक्षांपूर्वी निघू शकते.

कळावे,
आपला नम्र,
एक इंग्रजी शिक्षक,
चोपडा, जि. जळगाव